पाठमोऱ्याची त्रेचाळीस मतं

प्रिय खारूताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगून टाकते, सगळं ठीक आहे. तुझ्या बाबांचं ब्लडप्रेशर जागेवर आहे, माझा गुडघा त्याच्या नेहमीच्या कुरबुरींसकट चालतोय, आणि न्हाणीघराचा नळ एकदाचा गळायचा थांबलाय. हे सगळं तुला रविवारी फोनवर कळलंच आहे म्हणा. आपला रविवारचा फोन म्हणजे रेडिओवरचं हवामान. तुमच्याकडे गरम आहे का, आमच्याकडे ढग आलेत, जेवणाची आबाळ करू नकोस, ठेवते. सात मिनिटांत उरकतं. या वेळचं सात मिनिटांत मावण्यासारखं नाही. शिवाय मध्येच तू "बरं, आई" म्हणालीस की मी गप्प बसणार, हे मला ठाऊक आहे. कागदाला "बरं, आई" म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

तर बातमी अशी, की तुझी आई निवृत्तीनंतर चार वर्षांनी पुन्हा निवडणूक अधिकारी झाली. पालिकेची निवडणूक नव्हे. जगातला सर्वश्रेष्ठ रॉक गिटारवादक कोण, ते चाहत्यांच्या मतांनी ठरवायची निवडणूक. हस आता पोटभर. मी थांबते.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी शिलाई मशिनं दुरुस्त करायचं दुकान होतं ना, तिथे दोन वर्षांपूर्वी एकाने जुन्या तबकड्यांचं दुकान थाटलं. त्याला सगळे दाढी म्हणतात. खरं नाव त्याच्या लाइटबिलावर असेल तेवढंच. दर शनिवारी दुपारी त्याच्याकडे पंधरा-वीस मंडळी जमतात आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या बरण्या थरथरायला लागतात. मी चार वेळा तक्रार घेऊन गेले होते. चारही वेळा त्याने मला स्टूल दिलं, चहा दिला, आवाज कमी केला, आणि मी गल्लीच्या निम्म्यावर पोचेपर्यंत परत वाढवला. पाचव्या वेळी तयारीनिशी गेले, लेखी तक्रार घेऊन, खाली सही, तारीख. तर आत चिडीचूप. सगळे तोंड पाडून बसलेले, जणू कुणाला स्मशानात पोचवून आलेत.

कारण असं होतं, की ही मंडळी वर्षातून एकदा मत घेतात, आणि गेल्या वर्षीच्या मतदानाने त्यांच्यात उभी फूट पडली होती. एक आहेत दातांच्या डॉक्टरीणबाई, पोस्टाच्या वर दवाखाना आहे त्या. दुसरा आहे आपल्याच रस्त्यावरचा बसचालक, तो उंच, खांदे वाकवून चालणारा. डॉक्टरीणबाईंचा देव वेगळा, बसचालकाचा वेगळा. गेल्या वर्षी हात वर करून मतं मोजली, कुणाचा हात दोनदा मोजला गेला यावरून वाद झाला, त्यात एक खुर्ची मोडली. तेव्हापासून डॉक्टरीणबाई थांब्यावर उभ्या असल्या की बस नेमकी दहा पावलं पुढे जाऊन थांबते, असं त्यांचं म्हणणं. आणि हा गडी आपली किडकी दाढ घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात जातो. या वर्षी मतदान घ्यावं की घेऊच नये, यावर त्या दिवशी चर्चा चालली होती.

मला राहवेना. हात वर करून मतदान घेतल्यावर भांडणं नाही होणार तर काय होणार, असं मी त्यांना सुनावलं. मग मतपत्रिका म्हणजे काय, मतदारांची नोंदवही कशाला ठेवायची, शिक्का कुणाच्या ताब्यात असावा, पेटीला लाख कशी लावायची, यावर अर्धा तास व्याख्यान झोडलं. एकतीस वर्षं निवडणूक शाखेत काढलेल्या बाईला असा श्रोतृवर्ग मिळाला की काय होतं, तुला माहीत आहे. मंडळी शाळेतल्या पोरांसारखी ऐकत होती. शेवटी दाढी म्हणाला, "काकू, या अख्ख्या गल्लीत आमच्या आठही उमेदवारांचा सारखाच राग करणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. तुम्हीच व्हा अधिकारी."

तक्रारीचा कागद मी तसाच पर्समध्ये टाकला. खरं सांगू का, चार वर्षांत मला कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं. भाजी कुठली आणायची एवढाच काय तो अधिकार, आणि त्यातही तुझे बाबा काहीही खातात, त्यामुळे त्याला काही मजा नाही. मी हो म्हणाले. हो म्हणायला आणखीही एक कारण होतं, पण ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

ही मंडळी वादकांना खऱ्या नावाने हाक मारत नाहीत. सगळ्यांना टोपणनावं. डॉक्टरीणबाईंची ती वीज, कारण तिची बोटं दिसत नाहीत म्हणे. बसचालकाचा तो सुस्त. आणि एक पाठमोरा, जो कार्यक्रमात लोकांकडे पाठ करून वाजवायचा. बाकीचे पाच तू ओळखशीलच, त्यांची नावं लिहीत बसत नाही. मतपत्रिका करायचं काम मी तुझ्या बाबांकडे दिलं. आयुष्यभर पुलांचे आणि गटारांचे नकाशे काढलेला माणूस, त्याला सरळ रेघ ओढायला निमित्तच हवं असतं. पाचशे मतपत्रिका त्यांनी पोलादी पट्टी लावून स्वतः कापल्या, कडा अशा की बोट कापेल. प्रत्येक उमेदवाराला निशाणीही काढून दिली. विजेला वीज, सुस्तला आरामखुर्ची. पाठमोऱ्याला नुसती एक पाठ काढली, खांद्यावर गिटारचा पट्टा. बाकी सात निशाण्या एका सकाळी झाल्या, त्या एका पाठीला दोन दिवस लागले. एका पाठीत एवढं काय काढायचं असतं, असं मी विचारलं. "उतार चुकतोय," एवढंच म्हणाले.

मग मला वाटलं, ज्यांच्यावर मी एवढी रागावलेली आहे त्यांना मी नीट ऐकलेलं कुठे आहे? भिंतीपलीकडून येतं ते ऐकणं नव्हे. न ऐकता केलेला राग अधिकाऱ्याला शोभत नाही. दाढीला तसं सांगितलं तर तो एवढा खूश झाला की मला वाटलं आता रडतो. रोज सकाळी अकरा वाजता, दुकानात गिऱ्हाईक नसताना, तो मला कानावर हेडफोन चढवून बसवायचा. रोज एक उमेदवार. मी वही घेऊन बसायचे. पहिल्या दिवसाची नोंद अशी आहे: "वीज. एका मिनिटात इतके सूर, की टंकलेखनाच्या परीक्षेला बसली असती तर पहिली आली असती. आशय समजला नाही." दुसऱ्या दिवशी सुस्त. तो एक सूर वाजवतो आणि निघून जातो. कुठेतरी जाऊन पेपर वाचून येत असावा. मग परत येतो आणि दुसरा वाजवतो. पण खारू, तो नसतो तेव्हा माणूस त्याची वाट बघतो गं. मी ती बाजू दोनदा ऐकली. दाढीने चहा आणून ठेवला.

तिसऱ्या दिवशी पाठमोरा. पहिल्याच अर्ध्या मिनिटात मी हेडफोन काढले. हे मी ऐकलेलं होतं. तुझ्या अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत तुझ्या बंद दाराआडून रोज संध्याकाळी हेच यायचं आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, आवाज कमी. दाढीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, कान तापले. मग पुन्हा लावले आणि पूर्ण ऐकलं. त्या दिवशीच्या पानावर नोंद नाही. तारीख आहे फक्त.

मतदान पंधरा दिवस चाललं, गावातल्या कुणालाही खुलं. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणला, त्याच्या झाकणाला फट पाडली, वरून लाख. नोंदवहीत सही केल्याशिवाय मतपत्रिका नाही आणि मतपत्रिकेवर माझा शिक्का नसेल तर मत बाद. दोन्ही पक्षांनी मला भंडावून सोडलं. डॉक्टरीणबाई रुग्णाला खुर्चीत आडवं करून, तोंडात आरसा घालून, विजेचा प्रचार करायच्या. माणूस तोंड उघडं ठेवून नाही तरी कसं म्हणणार? मी त्यांना लेखी समज दिली. दवाखान्याच्या खुर्चीत प्रचार करू नये. बसचालकाने बसच्या मागच्या काचेवर आरामखुर्चीचं चित्र चिकटवलं होतं, त्यालाही समज दिली. त्याने चित्र काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून बस इतकी हळू चालवायला लागला, की प्रवासी विचारायला लागले, भानगड काय आहे? तो सांगायचा, प्रचार नाही, नुसतं चालवतोय. यावर कुठलं कलम लावायचं ते मला सुचलं नाही.

पाठमोऱ्यासाठी मात्र कुणीच फिरत नव्हतं. एका संध्याकाळी तुझे बाबा नेहमीसारखे मला न्यायला आले होते, हातात भाजीची पिशवी, तेव्हा डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या की पाठमोऱ्याचं डिपॉझिट जाणार. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचं काही न बोलणं आपण दोघींनी किती वर्षं पाहिलंय. आणि तरी मला वाटलं, पिशवी जड असेल.

दुसऱ्या शनिवार-रविवारी दाढी त्याच्या बहिणीकडे जाणार होता. रिकाम्या दुकानात पेटी ठेवणं बरोबर नाही म्हणून मी ती घरी आणली आणि कपाटावर ठेवली. उरलेल्या मतपत्रिका आणि शिक्का माझ्या पर्समध्ये, पर्स खुंटीला. चूक माझी. कुणा कारकुनाने असं केलं असतं तर मी त्याला उभा धुतला असता. पण घरात आम्ही दोघंच. घरातल्या माणसावर कोण पहारा ठेवतं?

मतमोजणी रविवारी दुपारी झाली. दुकान भरलेलं. तबकड्यांची खोकी भिंतीशी सारून मध्ये टेबल लावलं होतं. डॉक्टरीणबाई एका बाजूला, बसचालक दुसऱ्या बाजूला, दोघंही इस्त्रीचे कपडे घालून आलेले. तुझे बाबा दाराजवळच्या स्टुलावर, मांडीवर भाजीची पिशवी. नियमाप्रमाणे मी आधी सह्या मोजल्या. चारशे बारा. मग लाख फोडून डबा उपडा केला आणि उघडायच्या आधी मतपत्रिका नुसत्या मोजल्या. चारशे पंचावन्न. पुन्हा मोजल्या. चारशे पंचावन्न. त्रेचाळीस जास्त.

आणि मोजता मोजताच माझ्या हाताला ते लागलं होतं. लोक चिठ्ठी कशीही घडी करतात. कुणी दोनदा दुमडतं, कुणी चुरगळतं, एकाने विमान केलं होतं. पण त्यातल्या काही तीन समान पट्ट्यांत दुमडलेल्या होत्या आणि वरचा एक कोपरा तिरका बाहेर काढलेला. नकाशा असा दुमडतात, उघडल्याशिवाय कोपऱ्यातला नंबर वाचता यावा म्हणून. आपल्या घरातलं प्रत्येक बिल, प्रत्येक डॉक्टरची चिठ्ठी, तुझी जुनी प्रगतिपुस्तकंसुद्धा अशीच दुमडलेली आहेत. जगात असं दुमडणारा मी एकच माणूस पाहिलाय आणि तो दाराजवळ बसून आपल्या बुटांकडे बघत होता. मी त्या घड्या वेगळ्या काढल्या, उघडल्या. त्रेचाळीस. सगळ्या पाठमोऱ्याला.

मी आकडे मोठ्याने सांगितले, एवढंच. लगेच डॉक्टरीणबाईंनी बसचालकाकडे बघितलं, बसचालकाने त्यांच्याकडे. एकीने म्हणायचं, माझी मतं फोडायला हे केलं, दुसऱ्याने म्हणायचं, हे तुमच्या रुग्णांचे उद्योग. गेल्या वर्षीचं सगळं वर यायला लागलं. दाढीने हळूच एक खुर्ची उचलून मागे ठेवली. आणि मी, एकतीस वर्षांत कुणाचीही भीड न ठेवलेली बाई, हातात त्या त्रेचाळीस घड्या धरून गप्प उभी. तुला म्हणून सांगते, क्षणभर माझ्या मनात आलं, सह्या करून घ्यायच्या राहिल्या असतील असं म्हणावं आणि ही मतं खपवून घ्यावी. खपवली असती तर, पुढे मोजल्यावर कळलं, पाठमोरा जिंकला असता. असलं काही मी आयुष्यात पहिल्यांदा मनात आणलं.

तेवढ्यात तुझे बाबा उठले. पिशवी स्टुलावर ठेवली, नीट, पडू नये अशी. आणि म्हणाले, "ती त्रेचाळीस माझी आहेत. हिला काही माहीत नाही."

सगळे वळून बघायला लागले. कुणाला रागावावं ते कळेना, कारण ज्याच्यावर रागवायचं तो माणूस गेले पंधरा दिवस सगळ्यांच्या छत्र्या उचलून कोपऱ्यात ठेवत होता. डॉक्टरीणबाईंनीच विचारलं, बऱ्यापैकी हळू आवाजात, की पण पाठमोराच का? तुम्हाला तर यातलं काही आवडत नाही ना? बाबा दारातून टेबलाजवळ आले. मग म्हणाले, "माझी मुलगी याला ऐकायची. दार लावून. मी बाहेर खुर्ची टाकून बसायचो. इथे सगळ्यांसाठी कुणी ना कुणी फिरत होतं. याच्यासाठी कुणीच नव्हतं."

बाहेर खुर्ची टाकून. मला हे माहीत नव्हतं गं. तेव्हा मला वाटायचं, ते बोळात उजेडासाठी बसतात, पेपर वाचायला. त्रेचाळीसच का, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, पन्नास करायची होती, पण हिने चहाला हाक मारली. यावर आधी बसचालक हसला, मग डॉक्टरीणबाई, मग सगळं दुकान. मी हसले नाही. अधिकाऱ्याने हसू नये. मी त्रेचाळीस मतं बाद केली, तसं नोंदवहीत लिहिलं, कारणासह, नावासह, आणि त्यांची सही घेतली. त्यांनी ती मुकाट्याने दिली, खाली तारीखसुद्धा घातली.

निकाल सांगते. सुस्त एकशे अठरा, वीज एकशे सोळा, पाठमोरा एक्याऐंशी. त्यातली तीन मतं आणखी बाद, एकाने आठही जणांपुढे बदाम काढले होते. नाही, चुकले, ती तीन वेगळी, पाठमोऱ्याची एक्याऐंशी चोख होती. डॉक्टरीणबाईंनी फेरमोजणी मागितली, मी दिली, आकडे तेच. दोन मतांनी हरल्या. वाटलं आता काय होतंय. तर त्या बसचालकाला म्हणाल्या, उद्या ती दाढ दाखवायला ये, तिकडचा माणूस ती ठेवणार नाही. झालं, मिटलं. आणि मग दाढीने, विजेत्याची तबकडी लावायचा रिवाज मोडून, पाठमोऱ्याची लावली. अख्खी बाजू. कुणी हरकत घेतली नाही. मी बाबांकडे बघत होते. त्यांना प्रत्येक वळण पाठ होतं. सूर वर चढायच्या आधीच त्यांची हनुवटी वर जायची. इतकी वर्षं या माणसाशेजारी राहून मला एवढंच ठाऊक होतं, की त्यांना गाण्यातलं काही कळत नाही.

घरी येताना मी चार पावलं पुढे चालत होते. पोस्टाजवळच्या बाकावर त्यांनीच मला बसवलं आणि म्हणाले, आता निघालंच आहे तर सगळंच सांगतो. तुला हे माहीत नसणार, म्हणून नीट वाच. गेल्या तीन वर्षांत ते चार वेळा डोळे तपासायला तुझ्या शहरात गेले होते. इथला डॉक्टर बरोबर नाही, तिथलं मशिन चांगलं, वगैरे. खारू, त्यांचे डोळे ठणठणीत आहेत. चारही वेळा ते तुझ्या कार्यक्रमाला आले होते. तिकीट काढून, मागे दाराजवळ उभे राहून. शेवटचं गाणं सुरू झालं की दिवे लागायच्या आत निघायचे, शेवटच्या बससाठी. आणि मी वेडी त्या डोळ्यांसाठी दोन महिने गाजराचा रस काढत होते, तोही ते निमूटपणे प्यायले.

तुला भेटले का नाहीत, असं मी विचारलं. म्हणाले, "भेटलो असतो तर तिने विचारलं असतं, आईला माहीत आहे का. मग तुमच्यातल्या एकीशी तरी खोटं बोलावं लागलं असतं." म्हणून या सज्जन माणसाने दोघींशी खोटं बोलणं पत्करलं. मी रागवायला तोंड उघडलं, पण राग नेमका कुणाचा येतोय हेच कळेना. मी विचारलं, कशी वाजवते? त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, मोकळी वाजवते. मध्ये मध्ये हसते. मी तुला वाजवताना हसलेलं कधी पाहिलं नाही.

आता ते, ज्याच्यासाठी एवढी शाई घालवली. तुझ्या कॉलेजच्या हॉलमधला पहिला कार्यक्रम. आपण दोघी त्याबद्दल चौदा वर्षं बोललो नाही. तिसरं गाणं चालू असताना मी उठून निघून गेले आणि घरी आल्यावर डोकं दुखत होतं म्हणाले. डोकं दुखत नव्हतं. आवाजाचाही त्रास होत नव्हता, तू तसं समजलीस आणि मी समजू दिलं. तू डोळे मिटले होतेस. तुला घडवताना मी काय काय ठरवलं होतं, त्यातलं काहीही त्या चेहऱ्यावर नव्हतं, आणि तरी तो चेहरा इतका पुरा होता की त्यात माझी कुठेच गरज नव्हती. मला भीती वाटली. मी उठले तेव्हा तू डोळे उघडलेस, माझी पाठ पाहिलीस, तुझा एक सूर चुकला आणि तू पुढे वाजवत राहिलीस. तो चुकलेला सूर मला दारातून ऐकू आला होता. तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. फिरले नाही, आणि नंतर रोज ते आणखी अवघड होत गेलं. त्यानंतर तू मला कधी बोलावलं नाहीस, आणि का नाही बोलावलंस हे विचारायचा धीर मला झाला नाही. चुकलं माझं, खारू. दाढीला हो म्हणाले ते यासाठीच, तुझ्यापर्यंत यायची दुसरी वाट मला दिसत नव्हती.

पुढच्या महिन्यात तुझा कार्यक्रम आहे, हे दाढीने मला सांगितलं, असल्या सगळ्या कार्यक्रमांच्या तारखा त्याला पाठ असतात. मला यायचं आहे. बाबांच्या शेजारी, ते उभे राहतात तिथे, माझ्या गुडघ्याला चालेल. आवडेलच असं वचन देत नाही. तुझा पाठमोरा अजूनही मला नीट कळलेला नाही, आणि मला मताचा अधिकार असता तर मी सुस्तला दिलं असतं, हे खरं ते सांगते. पण मला तुला ऐकायचं आहे. तू नको म्हणालीस तर मी येणार नाही, बाबांना पाठवीन, या वेळी डोळ्यांचं निमित्त न करता, आणि ते तुला भेटल्याशिवाय परत येणार नाहीत असं बघीन. तू हो म्हणालीस तर तिकिटं आमची आम्ही काढू. विचार कर, वेळ घे, उत्तराची घाई नाही, असं लिहिणार होते. पण एवढं सगळं खरं लिहिल्यावर शेवटी खोटं कशाला? घाई आहे.

तुझीच, वाट बघणारी,
आई